राखून ठेवलेली खाट

ऊसतोडीचा हंगाम उरकून आम्ही नवरा-बायको गावाकडं निघालो, तेव्हाच तिच्या अंगात ताप होता. आमच्याकडं पाऊस नाही, म्हणून दरसाल साखर कारखान्यावर जावं लागतं. त्या रोगाच्या साली परतलेल्या तोडणीवाल्यांना गावात घेत नव्हते. मीच तिला बजावलं, कुणी विचारलं तर थकवा सांग, खोकला दाबून धर. सहा दिवस रानातल्या खोपीत तिनं खोकला दाबला.

सातव्या दिवशी ती बोलेना. जीपवाला बसवून घेईना, म्हणून बैलगाडीतच दवाखाना गाठला. खिडकीवरच्या माणसानं ताप कधीपासून ते विचारलं. माझ्या तोंडातून सवयीनं गेलं, कालपासून. त्यानं गोळ्या सरकवल्या, खाटा भरल्यात म्हणाला.

आम्ही पायरीवर बसलो. चाळीस वर्षं मी वैजनाथाचे सोमवार धरलेत, पण तेव्हा परळीच्या देवळालाही कुलूप होतं. मनात म्हणलं, देवा, तुझं बी दार बंद, यांचं बी बंद. माणसापुढं हात जोडायची मला सवय नव्हती. मुकादमापुढंही कधी जोडले नाहीत.

पायरी झाडणारी बाई थांबली. तिनं हिची निळी पडलेली नखं बघितली.

"बाबा, किती दिस झाले? खरं सांगा."

झाडूवालीनं मला विचारावं, याचा राग आला. तेवढ्यात हिचा हात माझ्या मांडीवरून घसरला.

"सात," मी म्हणालो. हात कधी जुळले कळलं नाही.

"मला नका जोडू. आत एक खाट हाय. कुण्या बड्यासाठी राखलीय, पर ते मोटारीनं शहरात गेले."

झाडू तिथंच टाकून ती आत गेली. नर्सबाईला सांगताना तिचा आवाज बाहेर येत होता, "वहीत ती खाट भरली असंल, बाई. मी तिच्याखालून रोज झाडते. रिकामी हाय."

बारा दिवसांनी माझी बायको आपल्या पायानं बाहेर आली. त्या बाईचं नाव विचारायचं राहूनच गेलं.

पायरीवर आमच्या शेजारी आणखी एक जोडपं होतं. त्यांच्या हातातही त्याच गोळ्या. खाट एकच होती. त्यांचं पुढं काय झालं, मला ठाऊक नाही. देवाचे उपकार मानताना ते दोघं आठवतात.

देऊळ उघडल्यावर परळीला गेलो. मागायचं काही नव्हतं. आता हात जोडले की आधी त्या बाईचा झाडू डोळ्यांपुढं येतो, मग पिंड. तसंच असू दे, म्हणतो.