राणीचं तोंड दिसेपर्यंत

"हात लावणार नाही म्हणजे काय? मामलेदार दुपारी येतायत, शेवंते!"

"येऊ देत. हौद कुठं पळून जातोय?"

"आणि बघणार काय? हे? हे काळं?"

"काळंच हाय ते. काळं दिसंल."

"अगं, तुझ्या एकटीच्या हट्टापायी गिरणीला टाळं लागेल. तुझ्या पाड्यावरची चाळीस माणसं कामाला आहेत इथं. त्यांना काय सांगू?"

"माज्याकडं पाठवा."

त्र्यंबक कारकुनाने कपाळाला हात लावला. धोतराचा सोगा एका हातात वर धरून तो हौदाच्या काठाकाठाने फिरत होता, कारण काठावर सगळीकडे लगद्याचा चिखल वाळून पडला होता. शेवंती कठड्यावर बसली होती. शेजारी हौद ढवळायचं वल्हं उभं होतं. तीन आठवड्यांत तिने त्याला हात लावला नव्हता. नणंदेचं बारावं-तेरावं झालं आणि ती पुन्हा गिरणीत येऊ लागली. यायची, बसायची, भोंगा झाला की उठायची.

हे १८८६ च्या सुमाराचं. कल्याणच्या खाडीकाठी ही कागदाची गिरणी होती. चिंध्या, जुने दोरखंड, गवत असलं सगळं खारात उकळायचं, कुटायचं, सफेतीच्या पुडीने पांढरं करायचं. धुऊन उरलेलं पाणी मागच्या हौदात आणि हौदातून पाटाने खाडीत. पाणी काळपट, लगद्याने दाट. कोळ्यांच्या जाळ्यांना त्याचा थर बसायचा, वाळला की पुठ्ठ्यासारखा सोलून काढावा लागायचा. ओरड झाली तेव्हा गिरणीच्या साहेबाने तुरटी मागवली आणि खडेच्या खडे हौदात टाकायला लावले. खडे तळाशी जाऊन बसले. पाणी होतं तसंच राहिलं.

शेवंती तेव्हा चिंध्या निवडायला होती. माहेर कोपरचं. नवरा नावाडी, तो एका भरतीत होडीसकट गेला. चार दिवसांनी वल्हं तेवढं काठाला लागलं. मागे राहिल्या ती आणि नणंद सगुणा. दोघी एका चुलीवर जेवायच्या, एका ढिगाशी बसून चिंध्या निवडायच्या. दुपारच्या सुट्टीत भाकरी खाताना शेवंती हौदाकडे बघून सहज म्हणाली, "आख्खी निवळी मडक्यात टाकली तं पानी निवळतं का? घासाया लागते ना."

पाड्यावर गढूळ पाणी आलं की मडक्याला आतून निवळीची बी घासायची ही रीतच होती. घासायची, ढवळायचं, मग हात काढून बसायचं. गाळ खाली गेला की पाण्यात पैसा टाकायचा. पैशावरचं राणीचं तोंड स्पष्ट दिसलं की पाणी प्यायला घ्यायचं. शेवंतीच्या आईने हेच केलं, आजीनेही.

कोठारावरच्या लिओने ते ऐकलं. ठाण्याच्या किरिस्तावांतला हा म्हातारा, सदा तोंडात विडी. तो हसला, पण तुरटी कुटून, बादलीत विरघळवून घेऊन आला. "ये गो बाय, घास तुजी निवळी."

तिने नवऱ्याचं वल्हं आणलं. तुरटीचं पाणी ओतून जोरात ढवळलं, चुन्याची निवळ सोडली, मग हळू, अगदी हळू. पाण्यात बारीक कण धरू लागले, कणाला कण चिकटले, दूध फाटल्यासारखे गठ्ठे झाले. तिथे तिने वल्हं बाहेर काढलं. दुसऱ्या कोणी ढवळलं की ते ढवळतच राहायचं आणि धरलेले गठ्ठे मोडायचे. थांबायचं कधी ते शेवंतीलाच कळायचं. तासाभराने गाळ तळाशी गेला. लिओने पैसा टाकला. राणी दिसली.

तेव्हापासून हौद तिचा. सगुणा तिला चिडवायची, "आमची वहिनी आता राणीला तोंड दाखवायला लावते!"

वैशाखात खाडीचं पाणी वरपर्यंत खारट होतं. पाड्याची विहीर आटली. दुसरी कोसभर लांब. गिरणीच्या पाटातून मात्र काचेसारखं पाणी वाहत होतं. एका दुपारी सगुणा हंडा घेऊन पाटाशी उभी राहिली.

"वहिनी, प्यायचं का गं हे?"

शेवंतीने वाकून पाहिलं. पैसा टाकला. "राणी दिसते की. भर."

"वास येतो थोडा."

"तुरटीचा असंल."

त्याच दिवशी सकाळी सफेतीच्या पुडीची टाकी धुऊन ते पाणी हौदात सोडलं होतं. हे कोठारात माहीत होतं, हौदावर कोणी सांगितलं नव्हतं. संध्याकाळी सगुणाच्या ओठांना फोड आले. मग घसा. पाड्यावरच्या आणखी तिघी आजारी पडल्या, त्या वाचल्या. सगुणा चौथ्या दिवशी गेली. शेवंती रडली नाही. बायका म्हणाल्या, रडव तिला. तिने चूल सारवली.

लिओ भेटायला आला, दाराबाहेरच उभा राहिला. "तुरटी गाळ बसवते, बाय. पूड नाय बसवत. खार नाय बसवत. ते पान्यात तसंच रहाते, नुसतं दिसत नाय."

"मंग आदी का नाय बोललात?"

"मना काय ठाव तुमी पिनार?"



आता त्र्यंबक कठड्यापाशी येऊन उभा राहिला. आवाज खाली आणला. "हे बघ. कोळ्यांची तक्रार गाळाची आहे. गाळ बसला की ती मिटली. त्यांच्या जाळ्यांचं तरी बघशील?"

"काळं असलं की कोन पीत नाय."

"काय?"

"काळं असलं की कोन पीत नाय, त्र्यंबकराव. सादी गोष्ट हाय."

"अगं मग पिऊ देणार कोण? मी कुंपण घालतो. तक्ता लावतो, पाणी पिऊ नये म्हणून."

"वाचनार कोन? तुमी?"

कोठाराच्या दारात लिओ खोकला. ते हसू होतं की खोकला, कळलं नाही.

"बरं, मी स्वतः सांगतो," त्र्यंबक म्हणाला. "मामलेदारांच्या देखत, सगळ्या बायकांना. माझा शब्द. मग तर झालं?"

शेवंती उठली. "तुरटी आना, लिओबाबा."

तिने जोरात ढवळलं. चुना सोडला. हळू ढवळलं. हात आपोआप चालत होते, ती कुठेच नव्हती. गठ्ठे धरले तेव्हा वल्हं बाहेर आलं.

मामलेदार आले तेव्हा पाणी नितळ होतं. मागून शिपाई, दोन कोळी, आणि जरा अंतरावर पाड्यावरच्या बायका. डोक्यावर हंडे. रिकामे. लांबच्या विहिरीला निघालेल्या त्या बघायला थांबल्या होत्या.

"वा!" मामलेदार वाकून म्हणाले. "मी तर काहीबाही ऐकलं होतं."

त्र्यंबकाने लगबगीने पैसा काढून पाण्यात सोडला. "बघावं रावसाहेब. राणीसरकारांचं तोंड तळाशी स्वच्छ दिसतंय."

"खरंच की! आणि हे तुम्हीच निवळवता, बाई?"

"हीच. हिच्याच हाताचा गुण," त्र्यंबक म्हणाला.

मामलेदारांनी बायकांकडे पाहिलं. "मग या उन्हात कोसभर कशाला जातात ह्या? दाराशी असं पाणी असताना? मी लिहून ठेवतो तसं. गिरणीची हरकत नाही ना?"

शेवंतीने त्र्यंबकाकडे पाहिलं.

त्र्यंबकाने सोगा सोडला, पुन्हा उचलला. "नाही रावसाहेब. हरकत कसली? उलट गिरणीला समाधानच आहे."

"मना बोलू द्या—" लिओ दारातून म्हणाला.

"लिओ, कोठार बघ तू."

पुढची बाई, हंडा काखेत घेऊन, दोन पावलं आली. "शेवंते, भरू का गं?"

शेवंतीने वल्हं उचललं. ते सरळ तळापर्यंत घातलं आणि गाळातून ओढलं. एकदा, परत एकदा, मग कोपऱ्यातून आडवं. तळातून काळे ढग वर आले. राणी गेली. पाटातून आधी राखाडी, मग काळी धार वाहू लागली. पुढे आलेल्या बाईने हंडा मागे घेतला.

"अहो बाई! हे काय केलंत?"

"शेवंते! वेड लागलं तुला? रावसाहेब विचारतायत, बोल! का केलंस हे? अगं, बोल की!"

तिने वल्ह्यावरचा चिखल कठड्याला पुसला, वल्हं खांद्यावर घेतलं, आणि बायकांच्या मधून फाटकाकडे निघून गेली.