पुनवेला ठेवलेली सभा

लोकांना बोलतं करायचा मला पगार मिळतो, आणि अख्ख्या नवी मुंबईत ज्याला गप्प बसवणं अशक्य होतं अशा एकमेव माणसाला मी गप्प बसवलं. तेही लबाडीने. हा माणूस म्हणजे माझ्या बायकोचे मामा.

हवामान बदलाला तोंड द्यायला पालिकेने काय करावं, हे रहिवाशांना विचारून ठरवायचं आणि त्यासाठी वॉर्डावॉर्डांत सभा घ्यायच्या, हे माझं काम. मामा खाडीकाठच्या कोळीवाड्यातले. त्यांनी एकही सभा सोडली नाही, त्यांचा काही संबंध नसलेली रबाळ्याचीसुद्धा. सोबत आठ फुटी बांबू, त्यावर प्रत्येक मोठ्या उधाणाची खूण कोरलेली. रिक्षात मामा आत आणि निम्मा बांबू बाहेर. माईक त्यांना नको, खाडीत हाका मारून कमावलेला आवाज पुरेसा. आल्या आल्या एसी बंद करायला लावत. "गर्मीवर बोलाचा हाय ना? मंग गर्मीन बसा!" सूचना लिहायला मी प्रत्येकाला एक रंगीत चिठ्ठी दिली, तर मामांनी शेजारच्या पंधरा जणांच्या चिठ्ठ्या गोळा करून एकच सूचना लिहिली आणि शेवटी 'पुढे चालू'. पडद्यावरच्या नकाशावर बांबू टेकवून एकदा म्हणाले, "जावई, तुजे नकाशान पानी निलं हाय. आमचे खाडीन कदी बगलंस निलं पानी?" टॉवरवाले खो खो हसले. मी घामाघूम.

मग खाडीकाठी पूर अडवणारी भिंत बांधायची का, हा प्रश्न आला. मी साळसूदपणे विचारलं, "मामा, सभा कधी ठेवू?" ते इतके खूश झाले की बोटांवर तिथ्या मोजू लागले. "अष्टमीला ठेव. तवा भांग, बारकी भरती, पानी मंद, सगल्या होड्या धक्क्यावर. अख्खा गाव येल. पुनवेला नको रं, उधानाला आमी सगले खाडीन."

मी पौर्णिमा धरली.

सभा देखणी झाली. टॉवरवाल्यांनी हात वर केले, चाळीस मिनिटांत भिंत मंजूर. 'रहिवाशांची संमती मिळाली,' असं मी अहवालात लिहिलं. भिंत जिथून जाणार तिथेच कोळीवाड्याच्या होड्या लागतात, हे सांगायला सभेत कोणी नव्हतं.

त्यानंतर मामा सभांना आलेच नाहीत. एसी चालू राहिला, चिठ्ठ्या उरल्या. हायसं वाटायला हवं होतं, पण मी सारखा दाराकडे बघत होतो.

शेवटी त्यांच्याकडे गेलो. धक्क्यावर जाळं सांधत बसले होते. वर न बघता म्हणाले, "ये जावई. शांत झाली ना तुजी मीटिंग?"

"झाली."

"मंग चांगलाच हाय." आणि बसायला एक टोपली पालथी घालून माझ्याकडे सरकवली. त्या टोपलीवर बसणं मला जमेना.

"मामा," मी उभ्यानेच म्हणालो, "पुनव मी मुद्दाम धरली. तुम्ही येऊ नये म्हणून. अहवाल मागे घेतलाय, का घेतला तेही लिहून दिलंय. भिंतीचं काय होईल ते आता माझ्या हातात नाही. पण माझं चुकलं. मला माफ करा."