अजीज पिंजाऱ्याची कामाची खोली

कळमनुरीत कुणाला झोप येत नसली तर तो वैद्याकडे जायच्या आधी अजीजचाचाकडे जातो. चाचा पिंजारी. त्याच्या रस्त्याकडच्या खोलीत आढ्याला पिंजण, म्हणजे कापूस पिंजायचं भलंमोठं धनुष्य, टांगलेलं आहे. त्याची तात दिवसभर तुण् तुण् करत असते आणि कापूस असा उडतो, की आत तरणाबांड गेलेला माणूस बाहेर येतो तो पांढऱ्या भुवयांनी. चाचाच्या दाढीतलं खरं पांढरं किती आणि कापसाचं किती, हे जाहेदाचाचीलाही सांगता येत नाही.

चाचाच्या कामाची एक रीत आहे. गादी भरून झाली की तो कुणाला तरी तिच्यावर निजवतो. स्वतः निजत नाही. "माझ्या अंगाला कापसाची सवय लागली. मला गाठ कळंना झाली," म्हणतो. निजलेला उठला की त्याचा एकच सवाल, "कुठं टोचलं का?" टोचलं असलं तर तिथले टाके उसवायचे, गाठ काढायची, पुन्हा शिवायचं. बाजारच्या दिवशी गाडीत हाडं खिळखिळी झालेले शेतकरी या कामाला न बोलावता हजर होतात. त्यात सेनगावकडचा सोनाजी सगळ्यांच्या पुढे. बैल विकायला आला तरी आधी गादी बघणार, मग गिऱ्हाईक.

पूर्वी चाचा पिंजण खांद्यावर टाकून गावोगाव फिरायचा. पण एकदा माडीवरून गादी उतरवताना पडला आणि गुडघा कायमचा गेला. तेव्हापासून काम घरातच. चव्वेचाळीस साली गावची घरपट्टी वाढली आणि रस्त्याकडच्या खोलीला तर दुकानाचा दर लागला. तो चाचाला झेपणारा नव्हता. शेजारच्या हरिचंद तमाखूवाल्याचा त्या खोलीवर डोळा होताच. "पट्टी मी भरतो, खोली मला द्या," म्हणाला. खोली गेली की पिंजण पुन्हा खांद्यावर. चाचा हसून सांगायचा, "फिरीन की! पाय दोन हायत." चाची त्यातल्या एका पायाकडे बघायची.

तेवढ्यात दवंडी आली. जो घरी बसून हाताचा धंदा करतो, त्याच्या कामाच्या खोलीला पट्टीत सूट मिळेल. अट एकच, त्या खोलीत कामाशिवाय काही चालता कामा नये. चूल नको, पाहुणा नको, निजणं नको. मी हिंगोलीला आठवीपर्यंत शिकलेलो, त्यामुळे गल्लीतले सगळे अर्ज माझ्या गळ्यात. मी झोकात लिहिलं, की सदर खोलीत कामाशिवाय माशीसुद्धा बसत नाही.

"माशा तर लई हायत रे," चाचा म्हणाला.

"चाचा, माशांना पट्टी नाही. तुम्ही फक्त माणसं निजवू नका."

पुढच्या बाजारी सोनाजी आला तर चाची दारात आडवी.

"काहून चाची? गादीला आमची पाठ चालंना का आता?"

"सरकारी हुकूम हाय, भाऊ."

"माझ्या पाठीवर सरकारी हुकूम?" सोनाजी असा रुसून गेला, की बैल न विकताच परतला. चाचा मात्र बेचैन. न तपासलेली गादी द्यायला त्याचा हात धजेना. एक दिली, तर ती दुसऱ्या दिवशी शिव्यांसकट परत आली. तशाच तीन-चार गाद्या खोलीत पडून राहिल्या.

आणि मग एका दुपारी खोली तपासायला महसूल खात्याचे गिरदावर आले. किसनराव त्यांचं नाव. हिंगोलीहून बैलांच्या दमणीत हादरे खात येऊन पार मोडलेले. खोलीभर फिरले, चूल शोधली, सापडली नाही. कुणाचं अंथरूण दिसलं नाही. मग भरलेल्या गादीकडे बघून म्हणाले, "जरा टेकतो." चाची चहा घेऊन येईपर्यंत साहेब घोरत होते.

चाचीनं कपाळाला हात लावला. "आता? ह्येच निजले की!"

"उठवू?" मी विचारलं.

"थकलेल्या माणसाला उठवतेत का?" चाचा म्हणाला आणि साहेबांची झोप मोडू नये म्हणून त्यानं पिंजणसुद्धा थांबवलं.

साहेब उठले तेव्हा चहा दोनदा गरम करून झाला होता. टोपी नीट करत, मिशीत कापूस तसाच ठेवून, त्यांनी दरडावून विचारलं, "इथं कुणी निजत नाही ना?"

मी चाचाला डोळ्यानं खुणावलं. पण खोटं बोलायची वेळ आली की चाचाची जीभ त्याच्या गुडघ्यासारखी अडते.

"निजतेत साहेब. सोनाजी निजायचा. आत्ता तुमी निजले."

 सूट गेली, खोली गेली. मला हरिचंदची तमाखूची पोती दिसायला लागली. आणि चाचानं सवयीनं विचारलं, "कुठं टोचलं का?"

साहेबांचा हात आपोआप मागे गेला. "डाव्या खांद्याखाली. काहीतरी आहे तिथं."

चाचाचा चेहरा उजळला. सूट, पट्टी सगळं विसरून तो दुखरा पाय पसरून बसला, भराभर टाके उसवले, आत हात घातला आणि सरकीसकट कापसाची गाठ बाहेर काढून साहेबांच्या तळहातावर ठेवली. "एक म्हयना झाला, साहेब. पाठच मिळंना झाली!"

आता चाची पुढे झाली. "बघा साहेब. ह्याला निजणं म्हंता का? तुमी इतका वेळ आमचंच काम करून राहिले होते. मजुरी मागू नका म्हंजे झालं."

किसनराव गाठीकडे बघत राहिले. मग हसू आवरेना तेव्हा ठसका लागल्यासारखं केलं. कागद मांडीवर घेऊन त्यांनी लिहिलं आणि मला वाचायला लावलं: खोलीत कामाशिवाय काही होत नाही. गादीवर निजून पाहणे हे कामातच येते. स्वतः खात्री केली आहे.

सूट मिळाली. हरिचंदनं तमाखूला दुसरी जागा बघितली आणि आपल्या पाठीसाठी गादी मात्र चाचाकडूनच भरून घेतली. सोनाजीला मी निरोप धाडला, की तुझ्या पाठीवरचा हुकूम उठला. पुढच्या बाजारी तो आला, पण गादीवर आधीच कुणीतरी पसरलेलं.

"ह्यो कोन?" सोनाजीनं डोळे वटारले.

"हळू बोल," चाचा म्हणाला. "गिरदावरसाहेब हायत. पुन्हा खात्री करून राहिले."