रुमाल टाकलेली ताटली

मला गप बसाय येत न्हाई. एकदाच बसलो, तवाच घोळ झाला.

मी सांगलीत रिक्षा चालवतो, शाळंत गेलेलो न्हाई. माझ्या माडीवर एक अफगाणी पोरगी भाड्यानं ऱ्हाते. नर्सिंग शिकाय आली, मागं मुलखात राज्य बदललं, ती हितंच अडकली. बाप वारलेला. आई आन दोन बारकी भावंडं तिकडंच.

एक दिस तिचा चुलता दिल्लीसनं आला, संगं दोन म्हातारी माणसं. जर्मनीतल्या बिजवराचं स्थळ घिऊन. पोरीनं व्हय म्हणलं तर त्यो आईला, भावंडांना तिकडनं बाहीर काढणार. पोरीला शिकायचं हुतं. मला म्हणली, "काका, माझ्याकडनं तुमी बसा. बोलू नका, नुस्तं बसा."

बायको म्हणली, ह्यांना जमायचं न्हाई.

जमवलं की. चुलता हिंदीत आईचं हाल सांगत हुता. पोरगी मान खाली घालून बसलेली. पाण्यालाबी कुणी हात लावंना. माझा जीव गुदमराय लागला. पावनं तोंड गोड न करता कसं जातील? बहिणीनं साताऱ्यासनं कंदी पेढं पाठवलेलं. ताटलीत काढलं, वर बायकोनं विणलेला रुमाल टाकला, आन तोंड न उघडता चुलत्याम्होरं ठेवलं.

चुलत्यानं डोळं पुसलं, उठून मला मिठीच मारली. म्हातारी माणसं मुबारक मुबारक म्हणाय लागली. मीबी म्हणलो. मला वाटलं, सातारचा पेढा हाय, आवडणारच.

पोरगी पांढरीफटक. हळूच म्हणली, "काका, आमच्यात पोरीच्या घरनं रुमाल टाकून गोड दिलं म्हंजी पोरगी दिली."

तवर चुलत्यानं आईला फोन लावलेला.

पोरगी उठली, त्याच्याम्होरनं ताटली उचलली. दोन पेढं खाली पडलं. त्यांच्या बोलीत कायतरी बोलली, मला निस्तं 'नर्सिंग' कळलं. चुलत्यानं फोन तिच्याम्होरं धरला. आईला तूच सांग, म्हणला.

सांगितलं तिनं. मग आईनं काय इचारलं ते पोरीनं मला मागनं सांगितलं. "परीक्षा कवा हाय?" एवढंच, आन मग आई रडली.

पावनं चा न पिताच गेलं.

पोरगी पास झाली. आई अजून तिकडंच हाय. निकालादिशी मी पेढं आणाय निघालो, तर बायको दारात आडवी.

"आदी तिला इचारून या."

इचारलं. पोरगी म्हणली, आणा. पर आईला फोन लागल्यावर मी देईन, तुमी हात लावू नका.

त्यादिशी फोन लागला न्हाई, अजूनबी न्हाई. पेढं कपाटावर तसंच हायती.