देवळालीचा शेरा

आरोपपत्रात तारखा आधी येतात, म्हणून आधी तारखा. मार्च १९५६, मार्च १९५७, मार्च १९५८, मार्च १९५९, मार्च १९६०. यांतल्या पहिल्या मार्चबद्दल मी फोर्टातल्या एका विलायती कंपनीच्या गोऱ्या मॅनेजरला जबाबदार धरतो. उरलेल्या चारांबद्दल त्याच्या हेडक्लार्कला. पहिला इसम मायदेशी निघून गेला. दुसरा ठाकूरद्वारचा, आपल्यातलाच, आणि आजही हयात आहे. माझे भांडण त्याच्याशी आहे.

आम्ही फणसवाडीत राहत होतो. माझा थोरला भाऊ, दादा, त्या कंपनीत कारकून होता आणि त्याच्या जिवावर मी कायदा शिकत होतो. संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीने शहर पेटले होते त्या दिवसांत दादाने एका दिवसाच्या रजेचा अर्ज मराठीत लिहिला. साहेबाची अडचण करण्याचा हेतू नव्हता, म्हणून खाली इंग्रजी तर्जुमाही टाचणीने जोडला. साहेबाने बोलावून कारण विचारले. दादाने स्वच्छ इंग्रजीत सांगितले की, ज्या शहरात मी जन्मलो तिथे मला माझ्या भाषेत रजा मागता यावी, एवढेच म्हणणे आहे. साहेब हसला आणि रजा मंजूर झाली. घरी येऊन दादा म्हणाला, "माणूस सभ्य आहे रे."

त्या मार्चअखेर बढतीची यादी लागली. तीत दादाचे नाव नव्हते. पुढच्या वर्षीही नव्हते, त्याच्या पुढच्याही. त्याच्या हाताखाली तयार झालेले दोघे त्याच्या डोक्यावर जाऊन बसले. कारण कोणी सांगेना. अन्याय कारणासह झाला तर माणूस भांडतो. कारणाविना झाला तर तो स्वतःलाच तपासू लागतो. दादा वाडीत कोणाशी चार शब्द बोलून आला की मला बाजूला घेऊन विचारायचा, "मी काही विचित्र बोललो का रे?"

पाचव्या खेपेला मी दादाकडून निवेदनावर सही घेतली. गोरा साहेब तोवर गेला होता. नव्या मॅनेजरने दादाचे गोपनीय तक्ते मला पाहू देण्याचे मान्य केले. दादा सोबत आला नाही, त्याला तिथे उभे राहण्याची लाज वाटत होती. हेडक्लार्कने बासन सोडले. पाच वर्षांचे पाच तक्ते. 'स्वभाव व वर्तन' या रकान्यात प्रत्येक वर्षी एकच इंग्रजी शब्द: डूलॅली. पहिल्या तक्त्यावर साहेबाच्या घाईच्या अक्षरात, पुढच्या चारांवर हेडक्लार्कच्या सुरेख, वळणदार हस्ताक्षरात, खाली न वाचता केलेली साहेबाची सही.

"याचा अर्थ काय?" मी विचारले.

"साहेबाचा शेरा आहे तो."

"तो दिसतोच आहे. अर्थ विचारतोय मी."

"अर्थ साहेबाला ठाऊक. आमच्याकडे पद्धत अशी, की मागच्या वर्षीचा शेरा यंदा उतरवून काढायचा. वरून हुकूम नसेल तर फेरफार नाही. तू कायदा शिकतोस ना रे? तुला हे समजायला हवं."

चार वर्षे हा गृहस्थ एका माणसाच्या माथी एक शब्द मारत होता आणि तो कोणता शब्द आहे हे पाहण्याचे कष्ट त्याने एकदाही घेतले नव्हते. हे सांगताना त्याचा आवाजसुद्धा खाली आला नाही. मला त्या सुरेख अक्षराची शिसारी आली. ती अजून गेलेली नाही.

अर्थ मला वाचनालयात, गोऱ्या शिपायांच्या बोलीच्या एका जाड कोशात सापडला. मुदत संपलेले शिपाई देवळालीच्या छावणीत परतीच्या बोटीची वाट पाहत महिनोन् महिने पडून असत. उन्हाने, तापाने आणि रिकामपणाने त्यांची डोकी फिरत. त्यावरून, देवळालीचाच अपभ्रंश करून, डोके फिरलेल्या माणसाला ते 'डूलॅली' म्हणू लागले, आणि पुढे 'टॅप'ही जोडू लागले. ते टॅप म्हणजे आपला ताप. मराठीत रजा मागणाऱ्याला वेडा ठरवायला साहेबाला शब्दही आमच्याच मुलखातल्या गावाचा लागला होता.

दुसऱ्या दिवशी मी हा अर्थ हेडक्लार्कला ऐकवला. तो म्हणाला, "असं होय? गंमतच आहे." नव्या मॅनेजरने शेरा खोडला. पुढच्या मार्चमध्ये दादाला बढती मिळाली. त्याला मी सांगितले की कागदात तांत्रिक चूक होती. खरा शब्द मी त्याला सांगू शकलो नाही. पण त्याचा तो प्रश्न सुटला नाही. निवृत्त झाल्यावरही तो मला बाजूला घेऊन विचारतच राहिला.

परवा दादरच्या एका सभागृहात 'इंग्रजी बोलीत शिरलेले आपले शब्द' या विषयावर व्याख्यान होते. दादाच्या हौसेखातर आम्ही दोघे गेलो. व्यासपीठावर तोच हेडक्लार्क, आता भाषाभिमानी म्हणून शाल पांघरलेला. पाहण्याला गोरे शिपाई 'डेको' म्हणत ते आपल्या 'देखो'वरून, आरामाच्या नोकरीला 'कुशी' म्हणत ते खुशीवरून, मायदेशाला 'ब्लायटी' म्हणत ते विलायतीवरून, असे तो रंगवून सांगत होता. जणू शिव्या आणि टिंगल आमच्या पदरच्या असल्या म्हणजे आमची शोभा वाढते. शेवटी राखून ठेवलेला किस्सा देवळालीचा होता. मी सांगितलेला, मी सांगितल्या क्रमाने. कुठे ऐकला हे मात्र त्याने सांगितले नाही. सभागृह खदखदून हसले. माझ्या शेजारी दादाही हसला, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दादाला सारे सांगितले, आणि वर्तमानपत्रासाठी लिहिलेले हे इथवरचे पत्रही वाचून दाखवले. त्याने पत्र माझ्या हातातून घेऊन पहिल्यापासून स्वतः वाचले. मग म्हणाला, "म्हणजे मी विचित्र बोलत नव्हतो."

"कधीच नाही, दादा."

"मग पाठव."

म्हणून पाठवत आहे. आदरणीय व्याख्यात्यांनी त्याच सभागृहात, त्याच श्रोत्यांपुढे उभे राहून सांगावे, की तो शब्द आपण स्वतःच्या हाताने किती वेळा, कोणाच्या नावापुढे लिहिला, आणि एकदा तरी का विचारले नाही. खाजगी दिलगिरी स्वीकारली जाणार नाही. दादा पहिल्या रांगेत बसलेला असेल.