वेशीबाहेरची सुट्टी

आमच्या गावात गावपळण असते. काही वर्षांनी देवाचा कौल झाला की अख्खा गाव गुरं, कोंबड्या, कुत्री घेऊन वेशीबाहेर जातो आणि तीन रात्री झावळांच्या खोप्यांत काढतो. बाहेरच्यांना वाटतं, काय हे हाल! मला मात्र या वेळी कौल झाल्याचं कळलं तेव्हा हायसं वाटलं. मी घरी दुसऱ्यांची पोरं सांभाळते. देवाने दिलेली सुट्टी तरी कोणी मोडणार नाही, अशी माझी भाबडी समजूत.

माणसांकडे मागितलेली सुट्टी मला कधी धड मिळाली नाही. चतुर्थीला, "दोनच तास ठेवा ना, मावशी." मला ताप आला, तर तोंडाला रुमाल बांधा. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं असतं, पण माझ्या घरात पाळणे दुसऱ्यांचे. माझ्या लेकीचं बाळंतपण आंबोलीला, तिच्या सासरीच झालं. ती त्यावर एक शब्द बोलली नाही, आणि तेच मला खातं. म्हणून या तीन दिवसांसाठी तिला मी नातवासकट बोलावून घेतलं होतं.

पहिल्याच सकाळी वेशीवरच्या ओढ्यापलीकडे आमच्या खोपीसमोर गाडी थांबली. मी सांभाळते त्या पोरीची आई उतरली. तालुक्याला ऑफिसात असते. कडेवर पोर, हातात दुधाची बाटली आणि कपड्यांची पिशवी. तिला मी या सुट्टीचं महिनाभर आधी सांगून ठेवलं होतं.

"मावशी, गावात राहायचं नाही एवढंच ना? मग इथे सांभाळलं तर चालेल की."

पोर माझ्याकडे झेपावली. मागून लेक हळूच म्हणाली, "आये, आज तरी ह्या काम ऱ्हव दे."

पोरीला घ्यायला हात आपसूक पुढे होत होते. ते मी पदरात गुंडाळले.

"नाय मॅडम. आज मी तिका घेवचंय नाय. माका सुटी आसा."

"माझी रजा संपलीय हो. साहेब आधीच चिडलेत. मी काय करू, तुम्हीच सांगा." आणि ती तिथेच, गुरांच्या शेणात उभी राहून रडायला लागली. मला तिचा भयंकर राग येत होता आणि दयाही येत होती.

शेवटी तिने डोळे पुसून फोन लावला.

"सर, मुलीला रात्रीपासून ताप आहे. आज नाही येऊ शकणार."

धडधाकट पोर तिच्या कडेवर बाटली चोखत होती. मी विचारलं, "सांभाळणारीची सुटी आसा म्हणान का नाय सांगलात?"

"ते कारण चालत नाही, मावशी," ती म्हणाली आणि गाडीकडे वळली.