टाकीच्या चिरेवरचा साबण

आमच्या ह्यांची मोटरसायकल सासऱ्यांच्या वेळची. टाकीच्या बुडाला, जोडावर, केसाएवढी चीर होती आणि तिथून पेट्रोल पाझरायचं. ह्यांचा इलाज ठरलेला. धुण्याच्या साबणाची कोरडी वडी त्या चिरेवर घासायची. पेट्रोलमध्ये साबण विरघळत नाही, चीर बुजून जाते. माझी मोरीतली वडी मात्र कधी जागेवर सापडली नाही. "टाकी झाळून आणा की एकदाची," मी करवादायची. "आणू की," हे म्हणायचे. त्या 'आणू की'मध्ये आमचा निम्मा संसार गेला.

दर दसऱ्याला संध्याकाळी आम्ही शिरूरकडच्या आमच्या गावाहून खुटबावला, माझ्या माहेरी, सोनं द्यायला जायचो. माझ्या वडिलांना, आप्पांना, त्या गाडीचा आवाज लांबून ओळखू यायचा. आम्ही दारात पोचायच्या आत चुलीवर चहा असायचा. त्या वर्षी मात्र ते अंथरुणाला खिळले होते.

दसऱ्याच्या सकाळी ह्यांनी पूजेसाठी गाडी धुवायला काढली. हौस दांडगी. टाकीच्या बुडापर्यंत ब्रश घातला, बादल्यांवर बादल्या ओतल्या, मळ्यातल्या झेंडूचा हार घातला. पेट्रोलला न जुमानणारा साबण पाण्यानं धुऊन जातो, हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही. पेट्रोलचा वास तर त्या गाडीला बारमाही.

दुपारी शेजारच्या दुकानात भावाचा फोन आला. "आप्पांचं काय खरं न्हाई. तुझंच नाव काढत्यात. लगेच निघा."

तसेच निघालो. अर्ध्या वाटेत, दोन्हीकडं नुसता ऊस, गाडी आचके देऊन बंद पडली. रिझर्व्हलाही काही नव्हतं. ह्यांनी गाडी आडवी पाडून तळाचं पेट्रोल खेळवलं, थोडी चालली, पुन्हा बंद. मग टाकीखाली बोट फिरवून वास घेतला आणि खालीच बसले. "साबण गेला गं," म्हणाले. माझ्या तोंडात शिव्या आल्या होत्या, पण त्यांचा चेहरा बघून गिळल्या.

मी जवळच्या धनगरवस्तीवर पळत गेले. तिथल्या बाईनं आधी माझ्या हातात आपट्याची पानं ठेवली, सणाचं दारात आलेलं माणूस म्हणून. मग साबण दिला, आणि तिच्या दिरानं आपल्या गाडीतलं बाटलीभर पेट्रोल काढून दिलं. किती चांगली माणसं. आणि मला त्यांचा तो प्रत्येक क्षण जड जात होता.

खुटबावला पोचलो तेव्हा आप्पांना ओसरीवर घेतलं होतं. तोंडात तुळशीपत्र होतं. ती परक्या वस्तीवरची पानं अजून माझ्या मुठीतच होती, तीच मी त्यांच्या हाताशी ठेवली आणि मोठ्यानं रडले.

रात्री वहिनीनं मला बाजूला घेतलं. "रस्त्यानं गाडी गेली की इचारायचे, आपलीच हाय का ती? न्हाई म्हणून म्हणून माझाच जीव थकला. शेवटच्या टायमाला म्या व्हय म्हणलं. तवा डोळं मिटलं त्यांनी."

टाकी त्याच आठवड्यात झाळून आली. मोरीतला साबण जागेवर राहू लागला आणि मला तो तिथं बघवेना. ह्यांनी पुढं कधी दसऱ्याला गाडी धुतली नाही, नुसता हार घालायचे. हार घालता घालता विचारायचे, "आप्पा शेवटी काय म्हणले का गं?"

"न्हाई," मी सांगायची, "झोपेतच गेले."